न्हाणीचे दार

मराठीच्या प्राध्यापकाने हातात स्क्रू-ड्रायव्हर धरला की घरातली माणसे आधी मेनस्विच बंद करतात, असा आमच्याकडचा रिवाज आहे. तो अन्यायाचा आहे असेही मला म्हणता येत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एक इस्त्री दुरुस्त केली होती आणि तिची हकिगत आमची सौ. अजून पाहुण्यांना सांगते. तेव्हा गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास, न्हाणीघराचे गळके काचेचे दार मी स्वतः दुरुस्त करणार, असे मी जेवताना जाहीर केले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. सौ.ने वाटीत आमटी वाढली. आमच्या सहावीतल्या मुलीने आजीकडे पाहिले आणि आजीने ताटातल्या भाकरीकडे.

त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला पुढे तीन आठवडे लागले.

पण आधी ते दार आमच्या घरात आले कसे, हे सांगायला हवे. आमचे गाव वढू बुद्रुक. पुण्याहून नगर रस्त्याने कोरेगाव भीमापर्यंत यायचे आणि डाव्या हाताला वळायचे. सारा महाराष्ट्र हे गाव ओळखतो ते छत्रपती संभाजीमहाराजांच्या समाधीमुळे. फाल्गुन अमावास्येला इथे माणसांचा पूर लोटतो. एरवी भीमेच्या काठचे, ऊस-कांद्याचे, पाहुण्याला आधी पाणी आणि मग चहा विचारणारे गाव. मी नोकरीसाठी पुण्यात भाड्याने राहत असे. २०२० साली करोनाची टाळेबंदी झाली तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून आम्ही आईकडे वढूला आलो, आणि ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. आता मी रोज इथूनच कॉलेजला जातो-येतो.

आमच्या जुन्या घराची न्हाणी परसात. तिला घर म्हणणे म्हणजे अतिशयोक्ती. तीन बाजूंनी कमरेच्या वर आलेली दगडामातीची भिंत, खाली एक भलाथोरला काळा दगड, कोपऱ्यात चुलवण आणि त्यावर काजळीने काळाठिक्कर पडलेला हंडा. चौथ्या बाजूला दार नव्हतेच. पूर्वी तिथे गोणपाट लोंबत असे, पुढे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा आला. दगडावरचे पाणी अळूच्या वाफ्यातून केळीच्या बुंध्याशी जाई. त्या न्हाणीतून पाणी 'गळते' असे कोणी कधी म्हटले नाही, कारण कुठे जायचे हे पाण्याला कोणी सांगितलेच नव्हते.

२०२३ साली मी घराच्या आत, माजघराला लागून, नवे न्हाणीघर बांधले. ते आईसाठी बांधले असे मी सर्वांना सांगितले, आणि माझी तशीच समजूत होती. आईचे वय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेले. पहाटे काळोखात परसात जायचे, शेवाळलेल्या दगडावर उभे राहायचे, हे काही बरे नव्हे. नव्या न्हाणीघरात पांढऱ्या फरशा आल्या, गरम पाण्याचा गिझर आला, डोक्यावर ताटाएवढा शॉवर आला. आणि शॉवरचे पाणी बाहेर उडू नये म्हणून ते काचेचे दार. ही काच भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते. त्यामुळे ती फुटलीच तर तिचे सुरे होत नाहीत, साबुदाण्यासारखे बोथट तुकडे होतात. मात्र एकदा अशी कडक केल्यावर तिला भोक पाडता येत नाही की कड कापता येत नाही. आधी मापे घ्यायची, मग काच करायची. आठ मिलिमीटर जाडीच्या या काचेचे वजन चौरस मीटरला वीस किलो भरते. आमचे दार दोन फूट रुंद नि साडेसहा फूट उंच, म्हणजे चोवीस किलोंचे. ते बसवायला वाघोलीहून दोन माणसे आली होती, आणि त्यांच्यामागे निम्मी आळी.

आईने दाराकडे एकदा पाहिले. "न्हाणीला काच?" ती म्हणाली. "आतलं समदं दिसंल की रं."

"धुरकट काच आहे, आई. काही दिसत नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

आता वाटते, मी तिचा प्रश्नच उलटा ऐकला.

पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात दाराखालून पाणी येऊ लागले. आधी ओघळ, मग थारोळे. पायपुसणे कायमचे भिजलेले. श्रावणातल्या एका सोमवारी आई आंघोळ करून बाहेर आली आणि त्या पाण्यावरून घसरली. नशीब असे की एका हाताने तिने वॉशबेसिन धरले. हातातला तांब्या मात्र पडला आणि त्याला मोठा पोचा आला. मनगट सुजले, हाड वाचले. डॉक्टरांनी मनगट तपासले, पट्टी बांधली आणि मग आईकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस उठत नाही. न्हाणीची फरशी आधी बघा." त्या रात्री मला झोप आली नाही. पोचा आलेला तांब्या मी स्वयंपाकघराच्या फळीवर समोरच ठेवला.

मग दुरुस्तीचे पर्व सुरू झाले. ज्याने बांधकाम केले तो म्हणाला, दोष काचवाल्याचा. काचवाला फोनवर म्हणाला, दोष गवंड्याचा. गवंडी म्हणाला, "सर, पाणी हाय. ते येनारच." या तिघांत मला हाच त्यातल्या त्यात तत्त्वज्ञ वाटला. शेवटी एक प्लंबर आला, सिलिकॉनची पिचकारी काढली, दिसेल त्या फटीत पांढरी मेणासारखी रेघ ओढली, साडेसातशे रुपये घेतले आणि गेला. आठवड्याने ती रेघ शेवयांसारखी सुटून हातात आली आणि पाणी पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले.

इथे माझ्यातला संशोधक जागा झाला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो की, आधी पुरावा गोळा करा आणि मग मत द्या. मी न्हाणीघराचा पुरावा गोळा करायचे ठरवले. आमच्या गावापासून जवळच, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळापूर आहे. १६३३ साली मुरार जगदेवाने तिथे हत्तीची तुला केली, अशी कथा आहे. एवढा तराजू आणणार कुठून? तेव्हा हत्तीला नावेत चढवले, नाव जिथवर बुडाली तिथे रेघ मारली, हत्ती उतरवला आणि त्या रेघेपर्यंत नाव बुडेतो दगड भरले. ही युक्ती शहाजीराजांची, असे सांगतात. आर्किमिडीजसारखे कोणी उघड्या अंगाने रस्त्यात धावल्याचे मात्र आमच्याकडे नमूद नाही. सांगायचे ते एवढेच की, पाण्याला प्रश्न विचारायचा असेल तर रेघ मारावी, हे ज्ञान आमच्या पंचक्रोशीत जुने आहे.

माझ्या सदऱ्याच्या खिशात खडू असतोच. मी दाराबाहेरच्या फरशीवर वीतभर अंतराने पाच रेघा मारल्या आणि शॉवर सोडला. जी रेघ पुसली जाईल तिथवर पाणी आले असे समजायचे. पहिली रेघ मधोमध पुसली गेली, दुसरी डाव्या कोपऱ्यात, आणि पुढच्या तिन्ही डावीकडेच. म्हणजे एक गळती दाराच्या खालून, आणि दुसरी, मोठी, डावीकडच्या न हलणाऱ्या काचेच्या बुडाशी. मग मी मुलीची गोटी घेऊन आतल्या फरशीवर ठेवली. ती जाळीकडे जाण्याऐवजी सावकाश घरंगळत दाराशी येऊन थांबली. तीन फुटांत निदान अर्धा इंच उतार जाळीकडे हवा. आमच्या गवंड्याने तो दिला होता, पण शेवटच्या फरशीने ऐन दाराशी पाठ फिरवली होती.

फरशी फोडायची म्हणजे दिवाळी धुळीत. तो विचार मी बाजूला ठेवला आणि बाकीच्या दोन गळत्यांकडे वळलो. दाराच्या खालच्या कडेला एक पारदर्शक पट्टी असते. तिला आतल्या बाजूला कललेली एक लवचिक जीभ असते. काचेवरून उतरणारे पाणी त्या जिभेने आत वळवायचे. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. दोन वर्षांत ती जीभ पांढरी, कडक आणि वाकडी झाली होती. ही पट्टी बदलायला एक स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही. जुनी खेचायची, काचेची कड लिंबू चोळून स्वच्छ करायची, नवी पट्टी मापात कापून दाबून बसवायची. काचवाल्यांपैकी कोणीही मला हे सांगितले नव्हते.

दुसरी गळती मोठी मजेदार निघाली. न हलणारी काच अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवलेली असते. त्या पन्हळीत थोडेफार पाणी शिरतेच, त्याला इलाज नाही. ते आतल्या बाजूने परत बाहेर पडू शकले पाहिजे. म्हणून सिलिकॉन पन्हळीच्या बाहेरच्या कडेला भरायचे आणि आतली कड मोकळी ठेवायची. प्लंबरने नेमके उलटे केले होते. जिकडून पाणी दिसते तिकडून त्याने वाट बुजवली. कोंडलेल्या पाण्याने मग दुसरी शोधली. शिवाय त्याने नवे सिलिकॉन जुन्यावर चढवले होते, आणि सिलिकॉन सिलिकॉनला धरत नाही. सगळे जुने खरवडून, पुसून, फट हाडासारखी कोरडी करून मगच नवे भरायचे.

एका रविवारी मी हे सारे यथासांग केले. जुने सिलिकॉन ब्लेडने खरवडायला मला चार तास लागले. नवे भरल्यावर घरभर शिर्क्याचा आंबट वास सुटला. ते घट्ट होताना तसाच वास येतो. सौ.ला मात्र लोणच्याची बरणी फुटली असे वाटून ती धावत आली. चोवीस तास तिथे पाण्याचा थेंब पडता कामा नये, असा मी फतवा काढला. मुलीने एक दिवस आंघोळ चुकल्याचा आनंद लपवला नाही. सौ. शेजारी गेली. आई काही न बोलता परसातल्या न्हाणीत जाऊन आली, आणि परतताना तिचा चेहरा मला नेहमीपेक्षा टवटवीत दिसला. तो चुलीवरच्या पाण्याचा गुण असावा, असे मी तेव्हा समजलो.

सोमवारी संध्याकाळी परीक्षा झाली. पाच रेघा मारून शॉवर दहा मिनिटे सोडला. पाचही रेघा जशाच्या तशा! एम.ए.चा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी सर्वांना बोलावून दार लावून दाखवले. त्याच्या उभ्या कडेला लोहचुंबकाची पट्टी आहे, तीही मी साफ केली होती. "बघ आई," मी म्हणालो, "कसं टक्कन लागतं. आता हवासुद्धा बाहेर यायची नाही."

आईने मान हलवली. मुलीने पुन्हा आजीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तो दुसरी रेघ पुसलेली. तिसऱ्या दिवशी चौथी. मी पुन्हा पट्टी तपासली, पन्हळ तपासली, कुठेही दोष नाही. मग माणसागणिक रेघा मारायला सुरुवात केली. माझ्या आंघोळीनंतर फरशी कोरडी, सौ.च्या आंघोळीनंतर कोरडी. मुलीच्या आंघोळीनंतर तर कोरडी असतेच, ती पाण्याशी फारशी सलगी करत नाही. आईच्या आंघोळीनंतर ओली.

आई शॉवर घेत नसे, हे मला ठाऊक होते. ती बादली भरून, लाकडी पाटावर बसून, त्या पोचा आलेल्या तांब्यानेच अंगावर पाणी घेई. पण बादलीचे पाणीसुद्धा बंद दारातून इतके बाहेर येणार नाही. मी विचारले, "आई, दार पूर्ण लावतेस ना?"

"लावती की."

"टक् आवाज येतो?"

"येतो."

वर्गात एखादा मुलगा पुस्तक न वाचता वाचल्याचे सांगतो, तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने कळते. तो चेहरा मी त्या दिवशी आईचा पाहिला. आणि मला राग आला. खरे सांगायचे तर तो राग त्या फळीवरच्या तांब्याचा होता, डॉक्टरांच्या वाक्याचा होता. पण बाहेर पडला तो मास्तराच्या आवाजात. "एवढा खर्च केला, चार चार तास गुडघ्यांवर बसून खरवडलं, ते कुणासाठी? एक दार लावायचं तेवढं तुला लावता येत नाही? उद्या पडलीस म्हणजे?" असे बरेच काही मी बोललो. ती ऐकून घेत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "भाकरी गार व्हती," आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती परसातल्या खडखडाटाने. बाहेर येऊन पाहतो तो आई कंदील घेऊन जुन्या न्हाणीत उतरलेली. शेवाळलेल्या दगडावर, तसल्या काळोखात, लुगड्याच्या पडद्याआड. मी दारातच उभा राहिलो. हाक मारली तर ती दचकून घसरेल या भीतीने हाकही मारवेना. ती परत येईपर्यंतची ती दहा मिनिटे मला फार मोठी वाटली. त्यानंतर मी दाराचा विषय काढला नाही. दोन-तीन दिवसांनी ती पुन्हा आत आंघोळ करू लागली, आणि रेघा पुन्हा पुसल्या जाऊ लागल्या.

दसरा होऊन आठवडा झाला होता. कॉलेजात एका तासाची सुट्टी मिळाली आणि मी नेहमीपेक्षा लवकर, अकराच्या सुमारास घरी आलो. सौ. मळ्यात गेली होती. मुलीला शाळेला सुट्टी. माजघरात पाऊल टाकले आणि थबकलो. न्हाणीघराच्या लाकडी दाराला कडी नव्हती, ते अर्धे उघडे होते. उंबऱ्याशी मुलगी पाटावर मांडी घालून, पाठमोरी बसली होती, मांडीवर उघडी वही. आतल्या काचेच्या दाराच्या फटीत पंचाची जाड घडी घालून ठेवलेली. त्या घडीखालून पाणी झुळझुळ बाहेर येत होते.

"तेरा सत्ते?" मुलीने विचारले.

"एक्क्यान्नव," आतून आईचा आवाज आला. मग तांब्याचा, पाण्याचा आवाज.

"सतरा पंचे?"

"पंच्याऐंशी."

मग थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. मुलगी ताठ झाली. "आजी, आहेस का?"

"हाय गं. साबण लावतीय."

मुलीने मान वळवली, मला पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

आईने जुन्या शाळेत चौथीपर्यंत शिक्षण घेतले आहे आणि तिचे तिसापर्यंतचे पाढे पाठ आहेत. हे मला माहीत होते. पण ते पाढे कशासाठी चालले आहेत, हे कळायला मला त्या उंबऱ्याशी तसेच उभे राहावे लागले.

२०१७ साली आमचे अण्णा आणि आई पुण्याला आमच्याकडे आले होते. अण्णांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती. एका सकाळी अण्णा आंघोळीला गेले असताना आत पडले. आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार फोडले, दवाखान्यात नेले, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. ही हकिगत मी गेली कित्येक वर्षे अशीच, चार वाक्यांत सांगत आलो आहे. मी त्या वेळी वर्गात होतो. सौ. कामावर, मुलगी पाळणाघरात. माझा फोन स्टाफरूमच्या खणात वाजत होता. तास संपवून मी फोन पाहिला, तोवर सारे आटोपले होते. 'शेजाऱ्यांनी दार फोडले' या वाक्याच्या आधी काय झाले असेल, हे मी कधी विचारले नाही. सकाळची ती वेळ, निम्म्या इमारतीचे लोक कामावर गेलेले, आई गावाकडची, तिला तिथे कोणाचे दार वाजवावे हेही माहीत नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि मीही निवडू लागलो. बराच वेळ गेला. मग मी म्हणालो, "आई, त्या दिवशी दार फोडायला कितीसा वेळ लागला गं?"

तिचा हात थांबला नाही. "कुनाला ठाव. घड्याळ कुठं बघितलं." खडा बाजूला काढून ती म्हणाली, "आधी आतनं आवाज येत व्हता त्यांचा. मी म्हनत व्हते, कडी काढा, कडी काढा. मंग यायचा ऱ्हायला."

थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं दार चांगलंच हाय रं. पर ते टक्कन लागतं ना. परवा लागलं तर वल्या हातानं उघडंना. पोरगी व्हती म्हनून." आणि लगेच, मला वाईट वाटू नये म्हणून असावे, "काच चांगली हाय. दिसायला झ्याक हाय."

तर हवासुद्धा बाहेर येणार नाही असे दार मी चार तास खपून आईसाठी तयार केले होते, ते हे.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावले. तोच, तत्त्वज्ञ. दिवाळीला दहा दिवस उरलेले, त्याच्या हातात तीन कामे. पण आईसाठी म्हटल्यावर आला. मी सांगितले, काच काढायची आहे, दारही आणि बाजूचीही. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मला ती इस्त्री आठवली. बिजागऱ्यांचे स्क्रू सैल करून, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून, आम्ही ते चोवीस किलोंचे दार खाली उतरवले. मग दाराशी पाठ फिरवलेल्या त्या फरशा फोडल्या. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन गवंडी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी पाहून उतार धरायचा. लाकडी पाणसळही त्याच्याकडे होती, पण तो म्हणाला, "सर, ह्यो बुडबुडा फसवतो कवा कवा. नळीतलं पानी खोटं बोलत न्हाई." तीन फुटांना अर्धा इंच. जिथे काच होती त्या ओळीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबट जाळी बसवली, म्हणजे आतून चुकून आलेले पाणी तिथेच खाली जावे. उंबरठा मुद्दाम केला नाही. म्हाताऱ्या पायाला दोन इंचांचा उंबरठाही डोंगर असतो. फरशा बसवल्या त्या खरखरीत. भिंतीत धरायला स्टीलची दांडी. आणि काचेच्या जागी आडवा गज टाकून त्याला पडदा. सौ. शिक्रापूरच्या बाजारातून प्लॅस्टिकचा, माशांची चित्रे असलेला पडदा घेऊन आली. आईने तो हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाली, "लुगड्याचा चालला नस्ता का?"

काचेचे दार आता गोठ्याच्या भिंतीला टेकवून, गोणपाटात गुंडाळून ठेवले आहे. आईने त्यावर या उन्हाळ्यात कुरडया घालून पाहिल्या. ती म्हणते, खाली डाग पडत नाहीत आणि लवकर वाळतात. म्हणजे पैसे अगदीच वाया गेले, असे नाही.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिली आंघोळ आईची. सौ.ने तिच्या अंगाला तेल लावले, उटणे वाटीत कालवून दिले आणि ती फराळाच्या ताटांकडे गेली. मुलीला हाका मारमारून उठवले तर ती कूस बदलून पुन्हा झोपली. पहाटेचे साडेचार वाजले होते. बाहेर कोणीतरी पहिला फटाका लावला. तेल लावलेल्या पावलांनी, दांडी धरून, आई पडद्याआड गेली.

मुलीचा पाट उंबऱ्याशीच होता. मी त्यावर जाऊन बसलो.

वर्गात मी एकदा बोलायला लागलो की पन्नास मिनिटे थांबत नाही, असे विद्यार्थी म्हणतात. तिथे बसलो तर काय बोलावे ते सुचेना. आत तांब्याचा आवाज झाला. उटण्याचे पिवळसर पाणी पडद्याखालून जाळीपर्यंत आले आणि खाली गेले.

"आई," मी म्हणालो, "सतरा पंचे?"

आत क्षणभर शांतता.

"तू बसलायस व्हय?" ती म्हणाली. "पंच्याऐंशी. आन एकोनतीस सक्के किती, सांग बघू."

मला एकोणतिसाचा पाढा येत नाही. मी तीस सक्के करून त्यातून सहा वजा करू लागलो. पहाटेची वेळ, हिशेब काही लागेना. मी बोटे मोजत गप्प बसलो. आत तांब्या थांबला.

"आरं," पडद्याआडून आईचा आवाज आला, "हाईस का?"

"आहे," मी म्हणालो.